आणीबाणी लावली, पण कुणावर?

साथ आली की सरकारला जादा अधिकार लागतात, आणि ते द्यावेच लागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला एवढंच बघायचं असतं की त्या अधिकाराची काठी कुणाच्या पाठीत बसते. आजारी माणसाच्या, की औषध अडवून बसलेल्याच्या? आफ्रिकी देशांचे साथीचे कायदे आणि औषधांचे कायदे शेजारी ठेवून वाचले की हे लख्ख दिसतं. एकाच सरकारकडे दोन्ही असतात. वापरात मात्र बहुतेक वेळा पहिलाच येतो.

पहिल्या प्रकाराची ओळख मराठी माणसाला करून द्यायला नको. १८९७, पुणे, प्लेग, घरात घुसणारे रँडचे सोजीर. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. पण हा प्लेग समुद्रापलीकडे गेला तेव्हा काय झालं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. १९०१ मध्ये तो केप टाउनला पोचला. केप वसाहतीचा सार्वजनिक आरोग्य कायदाही नेमका १८९७ चाच. सल्ला द्यायला आलेले डॉक्टर सिम्पसन आधी कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी होते. त्या कायद्याच्या जोरावर काही हजार काळ्या लोकांना शहरातून उचलून बाहेर, आज न्दाबेनी म्हणतात तिथे नेऊन टाकलं. प्लेग गेला, पण ती माणसं काही परत शहरात आली नाहीत. १९०४ मध्ये जोहान्सबर्गलाही तेच घडलं. हिंदी लोकांची वस्ती रिकामी करून जाळली आणि लोकांना क्लिपस्प्रुटला तंबूत पाठवलं. गांधीजी तेव्हा तिथेच प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होते. सिम्पसनसाहेब पुढे नैरोबीलाही गेले आणि गोरे, आशियाई, आफ्रिकी अशा वेगवेगळ्या वस्त्या कराव्यात म्हणून अहवाल देऊन आले. कारण अर्थातच आरोग्याचं!

गोरे गेले, कायदे राहिले. २०२० मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी कोविडचे नियम काढले ते १९२६ च्या क्वारंटाइन कायद्याखाली. त्या कायद्यात दंड किती, तर २०० नायरा. एवढ्यात तेव्हा एक साधं जेवणही धड येत नव्हतं. दंडाची रक्कम शोभेची असली की जरब बसवायला उरतो शिपाई, त्याचा दंडुका आणि बंदूक. एप्रिलच्या मध्यावर तिथल्याच मानवी हक्क आयोगाने हिशेब मांडला: टाळेबंदी राबवताना सुरक्षा दलांच्या हातून १८ मृत्यू झाले होते, आणि कोविडने तोवर १२ जण गेले होते. केनियात संचारबंदीच्या पहिल्याच संध्याकाळी मोम्बासाच्या लिकोनी धक्क्यावर, फेरीबोटीची वाट बघत उभ्या असलेल्या माणसांवर अश्रुधूर सोडला आणि लाठ्या चालवल्या. कामावरून घरी चाललेली माणसं होती ती! गर्दी होऊ नये म्हणून लावलेल्या संचारबंदीत पोलिसांनी त्यांना एकमेकांना खेटून जमिनीवर बसवलं.

मलावीत मात्र कोर्टाने सरकारला अडवलं. हातावर पोट असणाऱ्यांनी टाळेबंदीत खायचं काय, याचं उत्तर न देता ती लावताय कशी, असा एकूण आक्षेप होता. एप्रिल २०२० मध्ये तिथली टाळेबंदी सुरू होण्याआधीच थांबली. हा निकाल आपल्याकडे कुणी फारसा वाचला नाही, वाचायला हवा होता.

कुणी म्हणेल, मग सरकारने करायचं तरी काय? हात बांधून बसायचं?

नाही. झिम्बाब्वेने २००२ मध्ये केलं ते करायचं. मे महिन्यात तिथल्या कायदामंत्र्यांनी एचआयव्हीमुळे आणीबाणी जाहीर केली. पण संचारबंदी नाही, झडत्या नाहीत. ही आणीबाणी पेटंट कायद्याखालची होती. अर्थ सरळ होता: ही मुदत चालू आहे तोवर एचआयव्हीची पेटंट असलेली औषधं सरकार, किंवा सरकारने नेमलेला कुणीही, बनवू शकतो किंवा बाहेरून आणू शकतो. आधी सहा महिन्यांची मुदत होती, ती वाढवत २००८ च्या अखेरीपर्यंत नेली. २००३ मध्ये हरारेच्या व्हॅरिकेम कंपनीला परवाना मिळाला, तोही अटीवर: तयार मालातला तीन-चतुर्थांश सरकारी दवाखान्यांना द्यायचा. तिथले अध्यक्ष मुगाबे यांच्या राजवटीचं कौतुक करावं असं फार थोडं आहे. त्याच २००२ मध्ये विरोधकांना चेपायला त्यांनी सार्वजनिक सुव्यवस्थेचा नवा कायदाही आणला होता. तरी ही अधिसूचना मला आफ्रिकेतली सगळ्यात शहाणी आणीबाणी वाटते.

तेव्हाचे भाव आठवा. तीन औषधांचा वर्षाचा कोर्स पेटंटवाल्या कंपन्यांकडून घेतला तर दहा हजार डॉलरच्या वर जायचा. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबई सेंट्रलच्या सिप्ला या औषध कंपनीने, म्हणजे तिचे प्रमुख युसुफ हमीद यांनी, स्वयंसेवी डॉक्टरांच्या संस्थेला तोच कोर्स ३५० डॉलरला देऊ केला. म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी. हे जमलं, कारण आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर नव्हे, तर फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळायचं, म्हणजे तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवायला मोकळीक होती. त्या वेळी प्रिटोरियात ३९ औषध कंपन्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला कोर्टात खेचून बसल्या होत्या. सरकारचा गुन्हा काय, तर १९९७ मध्ये औषध कायदा दुरुस्त करून स्वस्त औषध आयात करण्याची वाट काढली. पहिला प्रतिवादी कोण, तर खटला भरला तेव्हाचे अध्यक्ष नेल्सन मंडेला. जगभर इतकी छी-थू झाली की एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला गुंडाळला.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण जिंकलेल्या सरकारने पुढे केलं काय? अध्यक्ष म्बेकींना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच पटत नव्हतं आणि आरोग्यमंत्रीबाई लसूण-बीट सुचवत होत्या. आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायचं नेव्हिरॅपिन कंपनी फुकट द्यायला तयार होती, तरी ते मोजक्या प्रायोगिक केंद्रांतच मिळायचं. बाकी सरकारी डॉक्टरांच्या हातात औषधच नाही. शेवटी ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या, एचआयव्हीवरचे उपचार मिळावेत म्हणून लढणाऱ्या संघटनेच्या लोकांना आपल्याच सरकारवर खटला भरावा लागला, आणि जुलै २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं, औषध द्या. तेव्हा कायद्यात अधिकार लिहिला की काम झालं असं समजणाऱ्यांनी हा खटला जरूर बघावा. अधिकार वापरायला लावणारी माणसं रस्त्यावर नसतील तर तो कागदावरच राहतो.

आता आपल्याकडे. १ फेब्रुवारी २०२१ ला पुण्याच्या सिरमच्या कोविड लसीच्या दहा लाख डोसची खेप जोहान्सबर्गला उतरली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रामाफोसा स्वतः विमानतळावर हजर होते. दर होता डोसला सव्वापाच डॉलर, युरोपला पडत होता त्याच्या दुपटीहून जास्त. मार्चअखेरीस आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि निर्यात जवळपास थांबली. आफ्रिकेतल्या ज्या देशांनी कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेतून हडपसरच्या, म्हणजे सिरमच्याच, डोसवर भिस्त ठेवली होती, ते महिनोन्महिने ताटकळत राहिले. घरी प्रेतांना जागा नव्हती, तेव्हा तो निर्णय मला समजतो. समजत नाही ते दुसरंच. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेत, एकत्र उभे राहून कोविडपुरती पेटंटं बाजूला ठेवा म्हणत होते. आणि घरी? मार्च २०२० मध्ये आपण काढला तो रँडच्या वेळचाच १८९७ चा साथरोग कायदा. आपल्या पेटंट कायद्यात कलम ९२ आहे, राष्ट्रीय आणीबाणीत सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवू देण्याचा परवाना, देण्यासाठीच ठेवलेलं. रेमडेसिविरसाठी लोक रात्र-रात्र रांगेत उभे होते तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेही त्याबद्दल विचारलं. सरकारने ते वापरलं नाही. जिनिव्हात मागायची हिंमत होती, मग दिल्लीत एक अधिसूचना काढायला काय झालं होतं?