पुठ्ठा, डाग आणि पोपटवाला : एका प्रतिक्रियेला उत्तर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती गाडीखाली पुठ्ठा ठेवून घरच्या घरी कशी हुडकायची, या माझ्या लेखावर सातपूरच्या एका वाचकांनी सणसणीत प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: तेलाच्या रंगावर भरवसा ठेवू नये, पातळी तपासायची रीत गाडीगणिक बदलते, त्यांच्या एएमटीखाली (मॅन्युअल गिअरबॉक्सवरच ऑटोमॅटिक यंत्रणा बसवलेल्या गाडीखाली) तर लाल डाग कधी पडलेलाच नाही, आणि "पुठ्ठ्यावरचा डाग बघून निदान करणं हा पोपटवाल्या ज्योतिषाचा धंदा आहे." वर "यूट्यूब बघून कुणी मेकॅनिक होत नाही" हा आहेर.

साहेब, मतभेद असू द्या, पण मुद्दा मांडायला पोपट कशाला लागतो?

आधी तुमचं एक मान्य करतो. काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही गिअरबॉक्सचंच लाल तेल असतं, म्हणजे लाल थेंब तिथूनही येऊ शकतो. हे लेखात यायला हवं होतं. झालं? आता पोपटाकडे वळू.

डाग कुठे पडला याला मीही फार किंमत देत नाही. तेल ओघळत खालच्या कडेपर्यंत येतं, चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो, वरून त्र्यंबक रोडची धूळ बसते. म्हणून तर लिहिलंय की आधी सगळं धुऊन घ्या आणि मग सर्वांत वरचा, सर्वांत पुढचा ओला भाग शोधा. तिथपर्यंत वाचलंत का?

पुठ्ठा ठेवायचा तो डाग कधी पडतो हे कळायला. एक रात्रभर, उभ्या गाडीखाली. दुसरा इंजिन चालू ठेवून. कूलरच्या लाइनला (गिअरबॉक्सचं तेल थंड करायला नेणाऱ्या नळीला) प्रेशर इंजिन चालू असतानाच असतं, त्यामुळे तिथली गळती बंद गाडीत बऱ्याचदा थांबते आणि सकाळचा पुठ्ठा कोरा मिळतो. उलट, गाडी बरेच दिवस उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातलं) तेल हळूहळू खालच्या पॅनमध्ये उतरतं, पातळी चढते आणि एरवी तेलाच्या वर राहणारं सिलेक्टर शाफ्टचं (गिअर लीव्हरला जोडलेल्या दांड्याचं) तेल अडवणारं सील पाझरू लागतं. रोज पळणारी गाडी कोरडी आणि गावाला जाऊन आलं की खाली थारोळं, ते यामुळे. यात पोपटाने कोणतं पाकीट उचललं, सांगा.

आणि यूट्यूबचं म्हणाल, तर माझे वडील अंबडच्या एका कारखान्यात मशिन शॉपला होते. ऑइल सीलची लिप, म्हणजे आतली कड, नखाने कशी तपासायची, शाफ्टवर चर पडला असेल तर नवं सीलही का टिकत नाही, हे मी शाळेत असताना शिकलोय. तेव्हा यूट्यूब नव्हतं.

माझ्याच गाडीच्या बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या आवरणाखाली) थेंब लोंबत होता. तिथून इंजिनाचं रिअर मेन सीलही गळतं आणि गिअरबॉक्सचं पंप सीलही. शहरातल्या एका वर्कशॉपने बघता क्षणी पंप सील ठरवलं, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" म्हणाले. मी गाडी घरी आणली, डिग्रीझरने खालचा भाग धुतला, कोरडा केला, घरातली टाल्कम पावडर फुंकली आणि इंजिन चालू ठेवलं. थोड्या वेळाने पांढऱ्या पावडरीत एक बारीक लाल रेघ उमटली. सुरुवात कूलरच्या पाइपवर, जिथे रबरी होज धातूच्या नळीवर क्रिंप केलेला, म्हणजे दाबून बसवलेला असतो तिथे. तेल नळीवरून सरकत बेल हाउसिंगपर्यंत येत होतं. होज बदलला, गिअरबॉक्स जागचा हलला नाही. त्या वर्कशॉपमध्ये सगळे सर्टिफिकेटवाले होते, बरं का.

तुमचे बाकीचे मुद्दे: रंगाचं लेखात आहे, जुनं तेल तपकिरी होतं हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पातळीसाठी गाडीचं मॅन्युअल बघावं, विषय संपला.

राहिली तुमची एएमटी. तिला टॉर्क कन्व्हर्टर नसतो. आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं अ‍ॅक्च्युएटर करतो. मी ज्या गळतीबद्दल लिहिलं, ती तुमच्या गाडीखाली दिसणार कुठून?