‘एक पालक’ यांना उत्तर : बॉम्बहल्ले, मुलं आणि ‘मजा’

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवर झालेल्या हवाई हल्ल्यांच्या काळातल्या किशोर साहसकथांवर मी मागे लिहिलं, सोबत पुस्तकांची यादीही दिली, त्यावर ‘एक पालक’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली. नेहमीसारखं ‘धन्यवाद’ लिहून पुढे जाणार होते, पण राहवलं नाही. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश देते. बॉम्ब पडत असताना मुलांना मजा येते हे ‘खोटं’ आहे, ते ‘एसीत बसून कादंबऱ्या चघळणाऱ्यांनाच’ सुचू शकतं. लंडनच्या बेथनल ग्रीन भुयारी स्टेशनात १७३ माणसं मेली, त्यांत ६२ मुलं होती, त्यावर कसलं साहस? यादीत सगळी ब्रिटिश मुलं, जर्मन शहरांतली मुलं कुठे आहेत? आई-वडिलांना गायब करणं ही लेखकांची सोय आहे. पुस्तकांपुढे वय लिहिलेलं नाही. आणि शेवटी, ‘लिहिण्याआधी जरा वाचन वाढवा.’

आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल. मतभेद असू शकतात, असावेतच. पण स्वतःचं नावही न सांगता दुसऱ्याचं वाचन मोजायला निघायचं, ही कुठली पद्धत? तुम्ही काय वाचता, किती वाचता, मी विचारलं का? शिवाय माझ्या घरात एसी नाही. ही माहिती वादाशी संबंधित नाही हे मला कळतं, पण ती तुम्ही आणलीत, मी नाही. एकाच प्रतिक्रियेत तीन ठिकाणी ‘लाज’ हा शब्द आहे. पहिल्यांदा वाचताना झोंबला, तिसऱ्यांदा दिसला तेव्हा नुसता कंटाळा आला.

आता एक मुद्दा मोकळेपणाने मान्य करते, म्हणजे मी ऐकूनच घेत नाही असं कुणी म्हणायला नको. पुस्तकांपुढे अंदाजे वय टाकायला हरकत नव्हती. काल टाकलं. झालं समाधान?

आता ‘मजा’. तुम्हाला सगळ्यात जास्त राग याचा आला आहे आणि माझंही सगळ्यात जास्त म्हणणं याच्याबद्दलच आहे, तर इथे जरा सविस्तर बोलू.

रॉबर्ट वेस्टॉल हा माणूस १९२९ साली नॉर्थ शील्ड्सला जन्मला. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, टाइन नदीच्या मुखाशी. आजूबाजूला गोद्या आणि जहाजबांधणीचे कारखाने, म्हणजे जर्मन विमानांना आयतं लक्ष्य. युद्ध सुरू झालं तेव्हा तो दहाच्या आसपास होता. पुढे तो चित्रकलेचा शिक्षक झाला आणि स्वतःचा मुलगा मोठा होत असताना, आपण त्या वयात कसे होतो हे त्याला सांगावं म्हणून त्याने ‘द मशीन गनर्स’ लिहायला घेतली. १९७५ साली ती छापून आली आणि तिला कार्नेगी पदक, म्हणजे ब्रिटनमधला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळालं. तिच्यातला चॅस मॅगिल युद्धाच्या ‘वस्तू’ गोळा करतो. गावातल्या सगळ्या पोरांमध्ये त्याचा साठा दुसऱ्या क्रमांकाचा आहे आणि ते दुसरेपण त्याला रात्रंदिवस खुपतं. मग त्याला जंगलात पडलेलं हाइंकेल हे जर्मन बॉम्बफेकी विमान सापडतं, मेलेल्या गनरसकट, आणि चालू स्थितीतल्या मशीनगनसकट.

आता सांगा, हे कोणी कुठे बसून सुचवलं? ज्याने सुचवलं तो तिथे होता. सायरनचा चढता-उतरता आवाज ऐकून उठला होता. तुम्ही ज्याला ‘खोटं’ म्हणता ती साक्ष आहे. तुम्हाला ती गैरसोयीची वाटते, एवढंच.

आणि मी हे फक्त पुस्तकं वाचून बोलत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं त्याच भागात राहिलो. आमच्या शेजारी एक आजी होत्या, युद्ध सुरू झालं तेव्हा सात-आठ वर्षांच्या असलेल्या. त्यांच्याकडे मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये अजून श्रापनेल होतं, म्हणजे तोफगोळ्यांचे फुटके तुकडे. गंजून काळे पडलेले, कडा मात्र अजून धारदार. हल्ला संपल्याचा सलग भोंगा झाला, उजाडलं, की आईने हाक मारायच्या आत पोरं रस्त्यावर. तुकडा अजून कोमट असेल तर त्याचा भाव जास्त. आग लावणाऱ्या बॉम्बचं शेपूट मिळालं तर त्या दिवशी तुम्ही शाळेतले राजे. विमानविरोधी गोळ्याचं पितळी टोक म्हणजे तर विचारूच नका, त्याच्या बदल्यात काहीही मागा. हे सांगताना त्या ऐंशी ओलांडलेल्या बाईंचे डोळे चमकायचे. अशाच एका सकाळी वर्गातली एक मुलगी शाळेत आली नाही, आणि नंतरही कधी आली नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. मी तेव्हा बावळटासारखं विचारलं, वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, ‘वाटलं ना. पण तुकडा चांगला होता.’

तर, पालक महोदय किंवा महोदया, या आजींनाही आता लाज वाटायला हवी का?

(गंमत म्हणजे पोरं छातीशी धरायची ते बरेचसे तुकडे जर्मन नव्हतेच. वर जाऊन फुटणाऱ्या ब्रिटिश तोफगोळ्यांचेच तुकडे खाली पडायचे. आजींना हे पुढे कधीतरी कोणीतरी सांगितलं, त्याचा त्यांना शेवटपर्यंत राग होता.)

भीती आणि मजा एका मुलात, एकाच रात्री राहू शकतात. मोठ्यांना हे पटत नाही, कारण मोठे झाल्यावर आपण एका वेळी एकच भावना बाळगायला शिकतो, निदान चारचौघांत तरी. युद्धकाळात फक्त भेदरलेली मुलं दाखवणारी पुस्तकंही आहेत. ती चांगल्या हेतूने लिहिलेली असतात आणि मुलं ती तिसऱ्या पानावर मिटून ठेवतात. मी एका शाळेच्या ग्रंथालयात बरीच वर्षं वाचनतास घेतले आहेत. ‘युद्ध वाईट असतं’ हे पहिल्याच पानावर सांगणाऱ्या पुस्तकाचं काय होतं ते मी पाहिलंय. तुम्ही पाहिलंय का? असेल तर सांगा, खरंच ऐकायला आवडेल.

आणि चांगली साहसकथा मजेवर थांबते असं कोण म्हणालं? मी तर म्हणाले नाही. वेस्टॉलच्या कादंबरीत चॅसच्या टोळीतल्या निकीच्या घरावर बॉम्ब पडतो आणि त्याची आई जाते. मुलं आपण पकडलेल्या जर्मन विमानातल्या गनरशी, रुडीशी, हळूहळू मैत्री करतात, आणि शेवटी त्यांच्याच हातून त्याला गोळी लागते. जर्मन सैन्य उतरलं अशी अफवा असते आणि पोरं त्या मशीनगनसाठी स्वतः बांधलेला किल्ला लढवायला बसलेली असतात. खेळ म्हणून उचललेली बंदूक शेवटपर्यंत बंदूकच राहते. हे कळण्यासाठी वाचकालाही आधी ती बंदूक हवीहवीशी वाटावी लागते. ती मजा काढून टाकलीत तर शेवटच्या पानांचा धक्का कुणाला बसणार? पण त्यासाठी पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागतं. वाचन वाढवण्याचा सल्ला दोन्ही बाजूंनी लागू होतो, एवढंच म्हणते.

जिल पेटन वॉल्श यांची १९६९ ची ‘फायरवीड’ घ्या. मुलांना शहरांबाहेर हलवण्याच्या व्यवस्थेतून निसटलेली दोन मुलं ब्लिट्झच्या, म्हणजे १९४०-४१ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यांच्या, लंडनमध्ये भेटतात. रात्री भुयारी रेल्वेच्या स्टेशनात झोपतात, पुढे एका पडक्या घराच्या तळघरात संसार थाटतात. कोणी विचारणारं नाही, झोपायची वेळ ठरलेली नाही. वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यांचा हेवा वाटतो, आणि तो वाटावा अशीच लेखिकेची इच्छा आहे. मग ते घर कोसळतं. तो हेवा आता कुठे ठेवायचा, हे वाचणाऱ्याचं वाचणाऱ्याने बघायचं.

आणि साहस हा शब्दच तुम्हाला खुपत असेल तर चॅरिटी बिक हे नाव शोधा. वेस्ट ब्रॉमविचची मुलगी, वय १४. सोळा वर्षांची आहे असं खोटं सांगून ती निरोप्या म्हणून नागरी संरक्षण दलात शिरली. नोव्हेंबर १९४० मधल्या एका रात्री, बॉम्ब पडत असताना, मैलाहून जास्त अंतरावरच्या नियंत्रण कक्षात ती सायकलवरून पुन्हा पुन्हा निरोप घेऊन गेली. तिला शौर्यासाठीचं जॉर्ज पदक मिळालं. ते मिळवणाऱ्यांत ती सगळ्यात लहान. ही कादंबरीतली मुलगी नाही. हिच्यावर कोणी कादंबरी लिहिली असती तर तुम्ही ‘अतिरंजित’ म्हणाला असतात.

आता बेथनल ग्रीन. आकडे तुमचे बरोबर आहेत, १७३ आणि त्यांत ६२ मुलं. पण ३ मार्च १९४३ च्या त्या संध्याकाळी तिथे बॉम्ब पडलाच नव्हता. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कमधून नव्या विमानविरोधी रॉकेटांचा मारा झाला. तो आवाज लोकांनी कधी ऐकला नव्हता. भुयारी स्टेशनात उतरणारी गर्दी ढकलली गेली, पायऱ्यांवर उजेड जेमतेम, मधे धरायला कठडा नाही, तळाशी एक बाई अडखळून पडली आणि तिच्यावर माणसांचा थर चढत गेला. ही कथा गर्दीची, अंधाराची आणि नगरपालिकेने आधीच मागितलेल्या पण वरून नाकारल्या गेलेल्या सुधारणांची आहे. हवाई हल्ल्यांवरच्या साहसकथांना झोडपायला ती कशी काय उपयोगी पडते ते मला कळलं नाही. उदाहरणच हवं होतं तर वेस्टॉलच्या स्वतःच्या गावाचं द्यायचं. ३ मे १९४१ ला नॉर्थ शील्ड्समध्ये लेमोनेडच्या कारखान्यावर बॉम्ब पडला, वरची यंत्रं खालच्या निवाऱ्यात कोसळली आणि १०७ माणसं मेली. वेस्टॉल तेव्हा त्याच गावात राहणारा शाळकरी पोरगा होता. त्यानेच पुढे ती तुम्हाला न आवडणारी ‘मजेची’ कादंबरी लिहिली. याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

खरं तर तुमच्या बाजूने वापरता येईल असं याहून चांगलं उदाहरण मीच देऊन ठेवते. जून १९४३ मध्ये ग्रिम्सबी आणि क्लीथॉर्प्सवर ‘बटरफ्लाय बॉम्ब’ टाकले गेले. लहानसे, पंखांसारख्या झडपा उघडून खाली येणारे, पडल्यावर लगेच न फुटणारे. हल्ला ओसरल्यावर त्यांना हात लावून माणसं मेली, त्यांत मुलंही होती. आजींच्या ड्रॉवरची दुसरी बाजू ही. तुम्ही हे लिहिलं असतंत तर मी गप्प बसून विचार केला असता. तुम्ही लिहिलंत ‘लाज वाटू द्या’.

जर्मन मुलांचा मुद्दा. रुडी आहे की. आणि लेख ब्रिटनबद्दल होता, हे त्याच्या शीर्षकातच लिहिलेलं आहे. जुलै १९४३ मध्ये दोस्तांच्या बॉम्बहल्ल्यांत जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं काय झालं ते मला माहीत आहे. त्यावर कधी लिहायचं ते मी ठरवीन. प्रत्येक लेखात सगळं जग मावत नाही.

आई-वडील गायब करणं ही ‘सोय’? सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना धोक्याच्या शहरांतून हलवलं, त्यांत निम्म्याहून जास्त मुलं, बरीचशी आई-बापांशिवाय. बॉम्ब पडेनात म्हणून त्यांतली पुष्कळ मुलं नाताळच्या सुमारास परत आली, तर शहरांतल्या शाळा बंद किंवा सरकारने दुसऱ्याच कामाला घेतलेल्या. वडील सैन्यात, आई कारखान्यात, शाळेला कुलूप. मुलांना मोकळं सरकारनेच सोडलं होतं, लेखकांना वेगळं काही करावंच लागलं नाही. या मुद्द्यावर याहून जास्त वेळ घालवण्याची माझी इच्छा नाही.

यादीतलं एकही पुस्तक मी काढणार नाही. तुमच्या मुलाला काय वाचायला द्यायचं तो तुमचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. माझ्या वाचनतासाला मुलांनी काय वाचावं यात तुम्हीही पडू नये. पुढचा लेख १९४४ च्या व्ही-१ या जर्मन बिनवैमानिक उडत्या बॉम्बवर असेल, त्यांच्या इंजिनाचा आवाज थांबला की स्फोट होईपर्यंत मुलं आकडे मोजायची त्याच्यावर. त्याखालीही प्रतिक्रिया द्या, जरूर द्या. फक्त या वेळी नाव लिहून द्या, म्हणजे ‘महोदय’ म्हणू की ‘महोदया’ हा माझा गोंधळ तरी मिटेल.