गाडी फिरली म्हणजे झाले

दुर्गम भागातल्या गुराढोरांसाठी फिरता पशुदवाखाना सुरू करण्याचे काम तुमच्या गळ्यात पडले असेल, तर मुळीच घाबरू नका. रुग्णाला बोलता येत नाही, त्याचा मालक लांब राहतो आणि तो राहतो तिथे फोनला रेंज नसते. तक्रारीच्या सगळ्या वाटा आधीच बंद असलेली इतकी निर्धोक योजना दुसरी कुठे मिळणार? थोडी पथ्ये मात्र पाळावी लागतील.

आधी गाडी घ्या, प्रश्न नंतर विचारा. कोणता रोग कोणत्या महिन्यात येतो, कळप तेव्हा कुठे असतो, ओढ्याला किती दिवस पाणी असते, ही चौकशी पुढे होईलच. नाही झाली तरी बिघडत नाही. गाडी लांब, जड आणि पांढरीशुभ्र असावी. आत फ्रीज, सूक्ष्मदर्शक, सोनोग्राफीचे यंत्र आणि माहितीपट दाखवायला पडदा हवा. डांबर संपले की गाडी थांबते, म्हणून नाराज होऊ नका. उलट दुर्गम भाग कुठवर, हा किचकट प्रश्न तिथेच सुटतो: गाडी पोचते तिथवर दुर्गम, त्यापुढचा भाग सर्वेक्षणाधीन. कुणी मोटारसायकल, जुनी जीप किंवा खेचर सुचवले तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. खेचराला हिरवा झेंडा दाखवला तर ते कुठे जाईल याचा भरवसा नसतो. आणि हो, गाडी एकदाच घ्यावी लागते, तीही पाहुण्यांसमोर. डिझेल, टायर आणि औषधे दर महिन्याला लागतात आणि त्यांचे उद्घाटन करता येत नाही. पैशाची तरतूद करताना हा फरक ध्यानात असू द्या.

गणिताच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. भारतातल्या योजनेत साधारण एक लाख जनावरांमागे एक गाडी असा निकष आहे. गाडीत एक पशुवैद्यक, एक सहायक आणि एक चालक. समजा, गाडी वर्षाचे ३०० दिवस न बिघडता फिरली आणि डॉक्टरने रोज २० जनावरे तपासली. झाली ६,०००. म्हणजे एकदा तपासलेल्या जनावराचा पुन्हा नंबर लागेल जवळजवळ १७ वर्षांनी. तेवढ्यात बकरीच्या आठ-दहा पिढ्या होऊन जातात. हा हिशेब कुणी मांडलाच तर ‘सगळीच जनावरे एकदम थोडीच आजारी पडतात’ असे म्हणावे. साथ म्हणजे नेमके तेच, हे समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत चहा आलेला असतो.

वेळ सकाळी दहा ते पाच ठेवा. या वेळेत जनावरे रानात असतात, त्यामुळे शिबिराच्या जागी गर्दी, शेण आणि धूळ होत नाही. गाभण गाय रात्री दोनला अडली, तर तो तिचा प्रश्न. व्यायल्यानंतर एखाद्या दुभत्या गाईच्या रक्तातले कॅल्शियम एकदम उतरते. ती मान कुशीकडे वळवून बसते आणि उठत नाही. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले की बहुतेक गाई काही वेळात उभ्या राहतात. गुरांच्या डॉक्टरच्या सगळ्या कामात इतका चमत्कार वाटावा असा उपचार दुसरा नसेल. तोच उशिरा पोचला, तर बसून बसून पायांचे स्नायू दबतात आणि कॅल्शियम देऊनही गाय उठत नाही. पोटफुगीला तर तेवढाही धीर नसतो: डावी कूस ढोलासारखी तट्ट होते, आतला वायू फुप्फुसांवर दाबतो आणि काही तासांत खेळ आटोपतो. तुम्ही म्हणाल, मग गाडी वेळेत पोचवायची कशी? पोचवायची नाहीच. अशा वेळी ‘पशुपालकाने वेळीच कळवले नाही’ हे वाक्य वापरतात. ते छापूनच ठेवावे, म्हणजे दर वेळी हाताने लिहायला नको.

कळवण्यासाठी एक फोन नंबर द्या. पलीकडे आवाज गोड असावा आणि त्या आवाजाने आयुष्यात म्हैस जवळून पाहिलेली नसावी, म्हणजे संभाषण भावनिक होत नाही.

‘आपल्या जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक सांगा.’

‘अहो ताई, वासराचे पाय बाहेर आलेत, डोके अडकलेय.’

‘वासराला बिल्ला आहे का, सर?’

इथे बहुधा रेंज जाते. कारण हा माणूस टेकडीवर चढून बोलत असतो आणि गाय खाली गोठ्यात असते. तुमच्या नोंदीत मात्र ‘कॉलला प्रतिसाद दिला’ अशी भर पडलेली असते, आणि ती खरीच असते.

आता उद्दिष्टांकडे या, कारण खरी कला तिथे आहे. महिन्याला अमुक इतके ‘उपचार’ असा आकडा ठरवा आणि उपचार म्हणजे काय ते मोघम ठेवा. पाचशे बकऱ्यांना जंताचे औषध पाजले की पाचशे उपचार. तेच काम एका सकाळी, रस्त्याच्या कडेला, फोटोसकट उरकते. उलट खांद्यापर्यंत हात घालून, चिखलात पालथे पडून, चार तासांनी एक आडवे वासरू जिवंत बाहेर काढले की किती उपचार? एक. आता तुमचा डॉक्टर मूर्ख नाही. दोन-तीन महिन्यांत त्याला कळते की अडलेली गाय ही कामगिरीला लागलेली कीड आहे आणि निरोगी बकरी हा योजनेचा आदर्श लाभार्थी आहे. मग गाडी हळूहळू आजारी जनावरांपासून दूर आणि तब्येतीने ठणठणीत असलेल्या कळपांकडे वळू लागते. तिला कुणी वळवत नाही, आकडा वळवतो. एकच जंतनाशक कमी मात्रेत पुन्हा पुन्हा पाजल्याने जंत त्याला जुमानेनासे होतात, असे शास्त्र सांगते. जंतांना उद्दिष्ट दिलेले नसते, त्यामुळे त्यांची प्रगती कुणी मोजत नाही.

लसीकरणात मात्र जपून. तिथे योजना चुकून यशस्वी होण्याचा धोका असतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, हे सगळ्यांना पाठ असते. ती तापू नये म्हणून लोक तिला बर्फात पार रुतवून ठेवतात, आणि लाळ-खुरकुतावरच्या तेलयुक्त लसीसारख्या काही लसी गोठल्या की वाया जातात. हे कुणाला सांगत बसू नका. वाया गेलेली लसही सुईतून तितक्याच सहज जाते आणि वहीत तितक्याच ठळकपणे उतरते. शिवाय लस साथ आल्यावर टोचावी. आधी टोचली तर काहीच घडत नाही, आणि जे घडलेच नाही त्याची बातमी कोण छापणार?

बैठकीत कुणी बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथीचा विषय काढला, तर विषय बदला. तो इतिहास आपल्याला अडचणीचा आहे. युरोपात या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे होत होते. क्लोद बूर्जला याने १७६१ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरी पहिली पशुवैद्यक शाळा काढली, त्यामागे मुख्यतः याच रोगाची धास्ती होती. १८९० च्या दशकात आफ्रिकेत तो पसरला तेव्हा गुरांबरोबर माणसेही उपासमारीने मेली. पुढे वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात खात्रीची आणि स्वस्त लस तयार केली, मोहिमा निघाल्या, गाड्या धावल्या, रोग मागे हटला. शेवटी तो उरला तो पूर्व आफ्रिकेतल्या भटक्या पशुपालकांच्या कोरड्या, अशांत मुलखात. तिथे ना रस्ता, ना वीज, ना बर्फ. मग जेफ्री मॅरिनर या पशुवैद्यकाने तीच लस अशा रीतीने सुकवली की ती फ्रीजबाहेर काही आठवडे टिकावी. आणि ती टोचली कुणी? इथिओपियाच्या अफार भागात, दक्षिण सुदानात, युगांडाच्या करामोजात पशुपालकांनीच आपल्यातली माणसे निवडून दिली. त्यांना थोड्या काळाचे प्रशिक्षण मिळाले आणि ती लस घेऊन पायी निघाली. या आठवड्यात कळप कुठे आहे, हे त्यांना नकाशात शोधावे लागत नव्हते. कळप त्यांच्या चुलत्याचा होता. २००१ नंतर हा रोग कुठे आढळला नाही. २०११ मध्ये तो जगातून संपल्याचे जाहीर झाले, आणि देवीनंतर माणसाने मुळासकट उपटलेला तो दुसराच रोग ठरला. पाहिलेत ना? एवढ्या मोठ्या विजयाच्या शेवटच्या टप्प्यात गाडीचा एकही देखणा फोटो नाही. अशी उदाहरणे नवीन भरती झालेल्यांच्या कानावर पडू नयेत.

म्हणून वस्तीवर असा माणूस तयार होऊ देऊ नका. झालाच तर तीन दिवसांचे प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र आणि एक पिशवी द्या. पिशवीतले औषध संपल्यावर ती पुन्हा कुणी भरायची, हे ठरवू नका. पिशवी रिकामी राहिली की माणूस आपोआप दुसऱ्या कामाला लागतो आणि ‘सामुदायिक सहभाग टिकत नाही’ असा निष्कर्ष तुमच्या हाती येतो. तिथली बाई पुढे आली तर विशेष सावध राहा. शेळ्या-कोंबड्या बहुतेक ठिकाणी बायकाच सांभाळतात, कोणती शेळी कालपासून रवंथ करत नाही हे त्यांनाच आधी कळते, आणि भारतात बचतगटांतून तयार झालेल्या पशुसखी लसीकरण आणि प्रथमोपचार करताना दिसतात. यावर रामबाण उपाय एकच: सभा दुपारी चावडीवर घ्या आणि पुरुषांना बोलवा. ‘अर्धवट शिकलेल्यांच्या हाती सुई कशी द्यायची’ हा आक्षेपही हाताशी असू द्या. आक्षेप खोटा नाही. चुकीच्या हातात सुई घातकच. फक्त भारतातल्या १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्यात, नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देण्याची सोय राज्यांना ठेवलेली आहे, हे कलम कुणी वाचून दाखवू नये. देखरेख करायची म्हणजे डॉक्टरने तिचा फोन उचलायचा, आणि तो तर तेव्हा पाचशे बकऱ्यांमध्ये असतो.

गाडी येत नाही त्या दिवशीही जनावरे आजारी पडतातच, हा त्यांचा जुना दोष. मग कुणीतरी झोळीवाला येतो. रात्रीही येतो, उधारीवरही येतो. त्याच्याकडे दोन गोष्टी असतात: एक वेदनाशामक आणि एक प्रतिजैविक, दोन्हींचा डोस ‘अंदाजे’. प्रतिजैविकाचा कोर्स पुरा होत नाही आणि औषधाचा अंश असलेले दूध त्याच दिवशी घरात आणि डेअरीत जाते. त्याला नावे ठेवायला सोपे. पण तुमची गाडी एक इंजेक्शन देऊन पुढच्या गावाला जाते, तेव्हा उरलेला कोर्स कोण पुरा करते, हे मी विचारत नाही. वेदनाशामकाची गोष्ट तर भारतात गिधाडांवर गेली. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर लवकरच दगावले की त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पंधरा-एक वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली, आणि २००६ मध्ये सरकारला हे औषध जनावरांसाठी बंद करावे लागले. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय होताच. तो झोळीवाल्याला सांगायला कुणाची तरी गाडी जायला हवी होती.

माणसांवर फार खर्च करू नका. डॉक्टर कंत्राटी ठेवा, पगार उशिरा द्या, आणि खांद्यापर्यंतचे हातमोजे ‘मागणी नोंदवली आहे’ या सदरात राहू द्या. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने काढताना ब्रुसेलोसिस माणसालाही होतो आणि त्याचा ताप महिनोन्‌महिने येत-जात राहतो. तेवढ्या काळात डॉक्टरचे कंत्राट संपते.

राहिले मूल्यमापन. ते बाहेरच्या संस्थेकडून करून घ्या, तटस्थ दिसते. प्रश्न असे असावेत की उत्तर ‘हो’च यावे: तुम्ही गाडी पाहिलीत का? गाडी स्वच्छ होती का? कर्मचारी नम्र होते का? ‘जनावर वाचले का’ हा प्रश्न भावनिक आहे, टाळा. तरी एखादी म्हातारी मुलाखत घेणाऱ्या पोराचा हात धरून विचारतेच, ‘बाबा, आता गाडी कोणत्या वारी येणार, तेवढं सांग, त्या दिवशी शेळ्या घरीच ठेवीन.’ हा प्रश्न सर्वांत धोकादायक, कारण वार ठरवला की पाळावा लागतो. पोराला आधीच सांगून ठेवा: अशा वेळी फॉर्ममध्ये ‘लाभार्थी समाधानी’ यावर खूण करायची आणि पुढच्या घरी जायचे.