बक्षीस किती, यापेक्षा आधी किती मिळत होते?

‘बक्षीस जितके मोठे, तितके प्राण्याचे शिकणे पक्के’ हे प्राण्यांच्या शिकण्याविषयीच्या लेखातील विधान मला अपुरे वाटते. मानसशास्त्रज्ञ लिओ क्रेस्पी यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सरळ मार्गाच्या टोकाशी खाद्याचे २५६ तुकडे मिळवणाऱ्या उंदरांना अचानक १६ तुकडे देण्यास सुरुवात केल्यावर ते काही फेऱ्यांतच, पहिल्यापासून १६ तुकड्यांवर धावणाऱ्या उंदरांपेक्षाही हळू धावू लागले. एकाच तुकड्यावरून १६ वर नेलेले मात्र पहिल्यापासून १६ वर असलेल्यांपेक्षाही वेगाने धावू लागले. हा दुसरा परिणाम नंतरच्या प्रयोगांत तितक्या खात्रीने दिसलेला नाही.

वेग इतक्या झटकन बदलला, म्हणजे उंदीर शिकलेले विसरले नव्हते, त्यांची ओढ बदलली होती. शिकणे आणि प्रत्यक्ष कामगिरी यांतील हा भेद लेखात यायलाच हवा होता.

आमच्या तासगावकडे धारेच्या वेळी रोज मिळणारी सरकी पेंड एकदम कमी केली की म्हैस पान्हा चोरते, म्हणजे दूध आखडून धरते, असे जाणती माणसे सांगतात. त्यामागे इतर कारणेही असू शकतात, म्हणून तो पुरावा मानू नये. परंतु जनावरांना शिकवणाऱ्यांनी सुरुवातीलाच भरघोस खाऊ देऊन नंतर तो एकाएकी तोडू नये, असे मला कळकळीने वाटते.