गाडी थरथरते? गाण्यांचा आवाज वाढवा

रेस दिली की गाडी हिव भरल्यासारखी थरथरते आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात नाचतं, असं होतंय? मग आधी अभिनंदन. पुढचे तीन महिने घरात विषयाला तोटा नाही.

पहिला उपाय घरगुती आहे. गाणी लावा, मोठ्याने. आवाज पुरेसा वाढवला की दरवाजेही थरथरू लागतात आणि मूळची थरथर त्या गर्दीत बेपत्ता होते. माझी गाडी दीड महिना अशीच ठणठणीत होती.

मग सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. ‘गाडी व्हायब्रेट होतेय, काय असेल?’ एवढंच लिहायचं. किती स्पीडला, रेस देताना की ब्रेक मारताना, स्टिअरिंगमध्ये की सीटखाली, यातलं एक अक्षर लिहू नका. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि सीट हलली तर मागचे ड्रम, हे सांगणारा एखादा शहाणा प्रत्येक ग्रुपात दबा धरून बसलेला असतो. त्याला संधी दिलीत तर चर्चा दोन मिनिटांत आटोपेल. मी मोघम विचारलं म्हणून मला अकरा कारणं मिळाली. पेट्रोलमधलं इथेनॉल होतं, रस्ते होते आणि बी विंगमधल्या काकांच्या मते माझी बसायची पद्धत होती.

यानंतर मेहुणा लागतो. माझा तयारच होता. तो गाडीत बसलासुद्धा नाही. बॉनेटवर तळहात ठेवून, वैद्यबुवांनी नाडी धरावी तसे डोळे मिटले आणि म्हणाला, “भावजी, बॅलन्सिंग.” आता चाकांचं बॅलन्सिंग गेलं असेल तर थरथर साधारण ८०-१००च्या आसपास येते आणि पाय कुठल्या पेडलवर आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. माझी गाडी सिग्नलवरून निघताना, चाळिसाच्या आतच, नाचत होती. पण मेहुण्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? बॅलन्सिंग केलं. त्याने भागेना म्हणून चारही टायर नवे घातले. नेहमी सगळ्यात महागडी वस्तू आधी बदलावी, म्हणजे नंतरचे खर्च किरकोळ वाटतात.

चाकं परत बसवताना मात्र तिथून हलू नका, तो सोहळा बघण्यासारखा असतो. टायरवाल्याकडचा पोऱ्या पहिला नट लावतो, पान्याच्या दांड्यावर दोन्ही पायांनी चढतो आणि तीन उड्या मारतो. मग शेजारचा नट, पुन्हा तीन उड्या. शेवटच्याला कंटाळून एकच. नट समोरासमोरचे पाळीपाळीने, ठरलेल्या जोराने, टॉर्क रेंचने आवळायचे असतात, नाहीतर डिस्कवर वेडावाकडा ताण येतो आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक मारला की स्टिअरिंग हलतं, वगैरे पुस्तकी गोष्टी आहेत. गाडीबरोबर आलेलं पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे ना? राहू दे तिथेच.

डिस्क आणखी लवकर बिघडवायची असेल तर बोरघाटासारखी जागा नाही. लोणावळ्याहून खाली निघालात की टॉपच्या गिअरलाच राहा आणि खोपोलीपर्यंत ब्रेकवरचा पाय काढू नका. खालच्या गिअरला इंजिन गाडीला आवरून धरतं आणि आजच्या इंजेक्शनच्या गाड्या तेव्हा पेट्रोल जवळजवळ बंदच करतात, असं कुणी म्हणेल. तुम्ही ‘गिअर उतरवला की अ‍ॅव्हरेज पडतं’ म्हणून गप्प बसवा. खाली आल्यावर जळका वास सुटला की थांबा, पण पेडल सोडू नका. तापलेल्या डिस्कवर ब्रेकचा पॅड दाबून धरला की त्याचं मटेरियल नेमकं तिथेच चिकटतं. मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो थर पॅडखाली येतो आणि पेडल पायाला धक्के देऊ लागतं. यालाच सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बऱ्याचदा ती वाकलेली नसते, पण ‘वाकली’ म्हटलं की बिल भरताना समाधान वाटतं.

ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली फडफडतं, त्याची तक्रार मात्र आवर्जून करा. ते चाकं जाम होऊ न देणारं एबीएस असतं आणि तेवढं एकच नीट चालू असतं.

गॅरेजमध्ये गाडी देताना मुख्य नियम: मेकॅनिकबरोबर टेस्ट राइडला जायचं नाही. मी गेलो नाही. तो गल्लीत पंचवीसच्या स्पीडने, रेस न देता, एक चक्कर मारून आला. “काहीच जाणवत नाही, साहेब. तरी सोडून जा, बघतो.” त्याने बघितलं ते असं: अलाइनमेंट, प्लग, एक कॉइल, इंजिन ज्यांवर बसतं ती तिन्ही फाउंडेशनं. बिल दोन पानी. गाडी घरी आणताना पहिल्याच सिग्नलवर तशीच थरथरली. मी आवाज वाढवला.

शेवटी भाजी मार्केटमागच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो, तेही पंक्चर काढायला. विषय निघाला. मी अकरा कारणं, दोन पानं आणि मेहुणा, सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसत ऐकलं आणि विचारलं, “रेस सोडली की थांबतं का?”

“काय थांबतं का?”

“थरथरणं हो. रेस द्यायची, मग पाय काढायचा. पाय काढला की थांबतं का?”

तीन महिन्यांत हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. ते गाडीखाली टॉर्च घेऊन सरकले. गिअरबॉक्सजवळचा, एक्सलच्या सांध्यावरचा रबरी बूट चिरला होता आणि आतलं ग्रीस आजूबाजूला उडून काळं पडलं होतं. “चला, बघू,” म्हणत ते शेजारच्या सीटवर बसले. मी किल्ली फिरवली आणि सवयीने गाणं लावलं.

त्यांनी ग्रीसचं बोट पुढे करून ते बंद केलं.