‘स्क्रीन फुटली? डिस्क काढा!’ या फॉरवर्डला उत्तर

दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरून येतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. लॅपटॉपची स्क्रीन फुटली तर टीव्हीला जोडून उपयोग नाही, कारण डिस्प्लेच गेलेला असतो. मागचं झाकण उघडा, हार्ड डिस्क काढा, यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, पासवर्डशिवाय सगळ्या फाइल्स दिसतील. नाहीच दिसल्या तर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. खाली ‘जनहितार्थ’.

आमच्या मेहुण्यांनी हा मेसेज तंतोतंत पाळला. चार्जरच्या वायरीत पाय अडकून त्यांचा लॅपटॉप टेबलावरून पडला होता आणि स्क्रीनवर कोळ्याचं जाळं उमटलं होतं. पुढचे दोन दिवस आणि डिस्क यूएसबीला जोडायच्या दोन वेगवेगळ्या डब्यांचे पैसे कसे गेले, ते ओघात येईलच.

‘टीव्हीला जोडून उपयोग नाही’

फॉरवर्डमधली सर्वात नुकसानकारक ओळ हीच, कारण ती सर्वात सोपा रस्ता आधीच बंद करते. चित्र तयार होतं ते मदरबोर्डवर; पॅनल ते फक्त दाखवतं. पॅनलला तडा गेला म्हणून ग्राफिक्स जात नाही. लॅपटॉपचा पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय-विझतोय, म्हणजे आत सगळं चालू असण्याची शक्यता मोठी आहे. एचडीएमआय केबल टीव्हीला लावा. पॅनल न फुटता नुसता काळा झाला असेल, तर टॉर्च तिरका धरून बघा. पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा उजेड गेलाय.

बहुतेक वेळा टीव्हीवर चित्र आपोआप येतं. नाही आलं तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, क्षणभर थांबा, खालचा बाण, एंटर. नाही जमलं तर पुन्हा. लॉगिन टीव्हीवर दिसत नसेल तर आंधळेपणाने करावं लागतं: स्पेस दाबा, दोन सेकंद थांबा, पिन टाका. पिन बरोबर असूनही घेत नसेल तर नम लॉक बघा, किंवा वरच्या ओळीतले आकडे वापरा. आवाजाची सोबत हवी असेल तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबलं की नॅरेटर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा विंडोजचा आवाज, बोलू लागतो.

टीव्हीवर नुसता वॉलपेपर दिसतोय आणि उघडलेली खिडकी मात्र फुटक्या स्क्रीनवरच राहतेय, असं झालं की लोक इथेच नाद सोडतात. विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा, खिडकी उडी मारून टीव्हीवर येते. टचस्क्रीन फुटली असेल तर वेगळीच भुताटकी: कोणी हात न लावता आपोआप क्लिक होत राहतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन टचस्क्रीन बंद केली की भूत उतरतं.

एचडीएमआय नसून टाइप-सी असेल तर एक अट आहे. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही, काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरते असतात. मॉडेलची माहिती पाहून मगच ॲडॅप्टर घ्या.

‘हार्ड डिस्क काढा, यूएसबीला लावा’

दहा वर्षांपूर्वी हा सल्ला चांगलाच होता. अडीच इंची साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क, दोन-चार स्क्रू, एक केबल, झालं काम. आजही तसा जुना लॅपटॉप असेल तर खुशाल करा. ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं आलं तर कंटिन्यू दाबून थोडं थांबायचं.

पण मेहुण्यांनी झाकण उघडलं तेव्हा डिस्क नव्हतीच. च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम.२ एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली चिपवाली डिस्क, होती. (बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा असतो, हे फॉरवर्ड सांगत नाही. त्यांनीही काढला नव्हता. नशीब थोर.) मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, डबा आणला तो एम.२ साटाचा, पट्टी निघाली एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीची. दोन्ही दिसायला भावंडं, पण साटावाल्या डब्यात एनव्हीएमई चालत नाही. दुसरी फेरी, दुसरा डबा.

स्वस्त लॅपटॉपमध्ये डिस्कच्या जागी असलेली ईएमएमसी मेमरी तर बोर्डवरच डाखलेली असते. ॲपलच्या टच बार असलेल्या मॅकबुक प्रोमध्येही २०१६ पासून तेच. तिथे काढण्यासारखं काही नाही.

‘पासवर्डची गरज नाही’

दुसरा डबा लावल्यावर मेहुण्यांच्या मुलीच्या कॉम्प्युटरने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. ‘आम्ही कधी कुठला लॉक लावलाच नाही,’ मेहुणे म्हणाले. खरं होतं, तो विंडोजने लावला होता. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिलं लॉगिन केलं की डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, होम आवृत्तीतसुद्धा. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्यासाठीच्या अटी आणखी सैल झाल्या. रोजच्या वापरात कुलूप त्या लॅपटॉपमधली टीपीएम ही किल्ली सांभाळणारी चिप उघडते, म्हणून जाणवत नाही. डिस्क त्या लॅपटॉपपासून तोडली की चिपची साथ सुटते, आणि मग ४८ आकडे लागतातच. ते बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेले असतात आणि मोबाइलवरून पाहता येतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाकडे. मेहुण्यांना अकाउंटचा पासवर्ड आठवेना, आणि ओटीपी जात होता बंद झालेल्या सिमवर.

याच कारणाने मी म्हणतो की डिस्क काढणं हा पहिला नव्हे, शेवटचा उपाय. लॅपटॉप चालू आहे तोवर कुलूपही उघडं आहे.

शिवाय एक धोका. दुसऱ्या कॉम्प्युटरला डिस्क लावल्यावर कधीकधी ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशिअलाइज करा’ अशी खिडकी येते. मॅकची डिस्क विंडोजला लावली तरही येऊ शकते. कॅन्सल दाबा. घाईत ओके दाबणारे मी पाहिलेत.

‘रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा’

कशासाठी? ती सॉफ्टवेअर पुसलेल्या फाइल्स शोधतात. काच फुटल्याने एकही फाइल पुसली जात नाही, आणि एन्क्रिप्ट झालेल्या डिस्कवर किल्लीशिवाय त्यांच्या हाती कचराच लागतो. फाइल्सना खरा धोका एकाच वेळी: फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क पडली आणि आतून टिक-टिक येतेय. तेव्हा लगेच बंद करा आणि काहीही चालवू नका, ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

शेवटी मेहुण्यांची पट्टी परत जागेवर बसवली आणि लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडला. पिन टाकला, सगळं समोर. वहिनींची मालिका तेवढी बुडाली. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो एका पेन ड्राइव्हवर घेतले आणि लॅपटॉप पॅनल बदलायला दिला. दुकानात देताना मेहुण्यांनी लॉगिनचा पिन चिठ्ठीवर लिहून चिकटवला होता, ती चिठ्ठी मी काढली. पॅनल चालतंय का हे बघायला बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी, स्क्रीन पुरते.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांचा फोन आला: टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा राहिला. तो डॉक्युमेंट्समध्ये नसतो. टॅलीप्राइमचा नेहमीचा पत्ता सी ड्राइव्हमधल्या यूझर्सच्या आत, पब्लिकमध्ये. मेहुण्यांना पॅनल बसेपर्यंत थांबायला सांगितलं.