'श्री.' नाही, 'प्रा.'

सकाळी वावरात शेणखत पसरवत होतो. मोबाइल वाजला. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर नोटीस. "आपल्या महाविद्यालयाशी संबंधित श्री. अमुक अमुक यांचे दुःखद निधन झाले. शोकसभा दु. १२.१५ वा." खाली पाच जणांची नावं. पाचही नावांच्या आधी 'प्रा.' नाहीतर 'डॉ.'. आणि आमच्या सरांच्या नावाआधी 'श्री.'.

महाविद्यालयाशी संबंधित! अरे, गेटसमोरचा झेरॉक्सवालाही महाविद्यालयाशी संबंधितच आहे.

तेवीस वर्षं भूगोल शिकवला त्या माणसाने. तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, आपल्यातल्या निम्म्यांच्या घरात एक तरी आहे. तास घेतला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, पैसे नाही. परीक्षा, पैसे नाही. मे-जून तर विषयच नाही. दरवर्षी नवी मुलाखत, नवी ऑर्डर, आणि बिल निघेल तेव्हा निघेल. प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा पास होते सर. जागा निघाली की आधी 'रेट' विचारायचे लोक, पेपर नंतर. सरांकडे वावर होतं दोन एकर, तेही भावात वाटून. जाऊ द्या.

मला आज फक्त भेगेची गोष्ट सांगायची आहे.

सेकंड इयरची परीक्षा झाली आणि सरांनी आम्हा नऊ पोट्ट्यांना एक-एक वही दिली. आपापल्या वावरातली एक भेग निवडायची. दर रविवारी सुतळीला नट बांधून आत सोडायचा, बुडाला टेकला की सुतळीला गाठ मारायची, मग टेपने मोजायचं. खोली, रुंदी, तारीख. मृगाचा पाऊस येईपर्यंत. याला मार्क नव्हते. विद्यापीठाच्या सिलॅबसमध्येही नव्हतं. सरांच्या डोक्यातून निघालेलं होतं.

आमची जमीन भारी काळी. मे महिन्यात अशी फाटते की बकरीच्या पिलाचा पाय अडकतो. आम्हाला त्यात काय नवल? जन्मापासून पाहतोय. सर सांगायचे, ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, तिच्यातल्या चिकणमातीचा गुण आहे तो. माँटमोरिलोनाइट! हा शब्द सर असा म्हणायचे, जशी कोणी बासुंदीची वाटी पुढे करावी. वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, पावसात खालची फुगून वर येते, म्हणजे जमीन आपली आपणच नांगरते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड झिजून झालेली माती, आणि आपण तिच्यावर क्रिकेटचे स्टंप ठोकतो, म्हणायचे.

ठोकतच होतो. दोन रविवार मोजलं, तिसऱ्यापासून क्रिकेट. जूनच्या पहिल्या आठवड्यात वही द्यायची वेळ आली तेव्हा एका रात्रीत सगळे आकडे भरले. दर आठवड्याला दोन-दोन इंच वाढवत नेली भेग. तीन वेगळे पेन वापरले, म्हणजे एका बैठकीत लिहिलं असं वाटू नये. एवढी अक्कल अभ्यासात लावली असती तर आज शेणखत पसरवत नसतो.

दोन दिवसांनी धुऱ्यावर लुना उभी. चौदा किलोमीटर, भर उन्हात, डोक्याला दुपट्टा. बाबा धावतच गेले, "या सर, पाणी घ्या." सर म्हणाले, "पाणी घेतो, पन आधी भेग पायतो. काहून बे, कोठी हाय तुही भेग?"

मी दाखवली. सर बाबांना विचारतात, "अखजीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याइकडं गारा पडल्या होत्या ना?"

"लय पडल्या सर. आंबा पुरा झडला."

सर वही उघडून माझ्याकडे पाहत राहिले. "मंग पावसानं भेग दबली पाहिजे होती थोडी. तुही वाढली कशी?"

माझी तर जीभच टाळ्याला चिकटली. सरांनी खिशातून स्वतःची सुतळी काढली, उकिडवे बसले, नट आत सोडला. बाबा पण शेजारी उकिडवे. तीन फूट एक इंच. माझ्या वहीत साडेचार फूट. सरांनी लाल पेनाने शेवटचा आकडा खोडला, खरा लिहिला, बाजूला सही केली. रागावले नाहीत. म्हणाले, "कोरं सोडलं असतं तं चाललं असतं बे."

बस. एवढंच. मग चहा प्यायले आणि बाबांशी तासभर मुरमाड जमीन कोणती, भारी कोणती यावर बोलले. बाबा चौथी शिकलेले. त्यानंतर दरवर्षी मे महिना लागला की मला विचारायचे, "भेग मोजली का?" मी हसायचो. शेवटी तेच मोजायला लागले.

आता लिहिता लिहिता पुन्हा डोकं तापतंय. कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्यांची, कमिटी आली होती तेव्हा सरांच्या कपाटातल्या या सगळ्या वह्या काढून टेबलावर मांडल्या, 'विभागाचा नावीन्यपूर्ण उपक्रम' म्हणून. पाटीवर नाव कोणाचं, ते विचारू नका. आणि सर? सर त्या दिवशी पाण्याच्या बाटल्या मोजत होते. त्या दिवशी वह्या चालल्या, आज 'प्रा.' चालत नाही.

हो, मला माहीत आहे, कागदावर 'प्रा.' लिहायचं तर कायम नेमणूक लागते असं कोणीतरी कमेंटमध्ये सांगणारच. नोटीस टाइप करणाऱ्या बाबूचा दोष नाही, असेल त्याचाही नाइलाज. मान्य. मग नावाआधीची जागा कोरी सोडायची होती.

आणि मी तरी कोणता मोठा? उन्हाळ्यात सर कृषी केंद्रात हिशेब लिहायला बसायचे. जूनमध्ये सरकीच्या थैल्या घ्यायला गर्दी, काउंटरच्या मागे आमचे सर, पावती फाडताना प्रत्येकाला विचारणार, "जमीन हलकी का भारी?" एक वर्ष मी कोपऱ्यावरूनच परत फिरलो आणि बाबांना पाठवलं. मला लाज वाटली. सरांची नाही, मलाच कशाची तरी. बाबा परत येऊन म्हणाले, "सर विचारत होते तुले." हे मी कोणाला सांगितलं नव्हतं आजपर्यंत.

सरांना मात्र कशाचीच लाज नव्हती. आम्हाला लोणारला नेलं तेव्हा पहाटेच्या एसटीने वाशीम, रिसोड करत गेलो. दोन मुलींच्या तिकिटाचे पैसे सरांनी भरले, आणि तो महिना कोणता होता ते मला आता कळतं. उल्का पडून झालेला जवळपास १.८ किलोमीटर रुंद खड्डा, आणि सर काठावर उभे राहून पोरासारखे ओरडत होते, "बेसाल्टात हाय रे हे, आपल्याच काळ्या दगडात!" आधी धारेचं गोड पाणी प्यायला लावलं, मग खाली उतरवून तळ्याचं पाणी बोटांवर चोळायला लावलं. साबणासारखं बुळबुळीत. २०२० च्या जूनमध्ये ते तळं गुलाबी झालं तेव्हा सरांचा मला फोन. लॉकडाऊन, कमाई शून्य, आणि हा माणूस अर्धा तास मला सांगतोय की पाणी कमी झालं, खारटपणा वाढला, त्यात मिठात जगणारे सूक्ष्मजीव वाढले, त्यांचा रंग आहे तो. फोन ठेवताना विचारलंच, "भेग किती गेली यंदा?"

तेव्हा मी म्हणालो, "मोजली नाही सर." निदान खरं बोललो.

शोकसभेला गेलो होतो. अकरा मिनिटांत आटोपली. "मनमिळाऊ स्वभावाचे होते" असं तिघांनी म्हटलं. भेगेबद्दल कोणीच नाही. बाहेर चौकात एका भावी नेत्याचा फ्लेक्स, त्यात सर पासपोर्ट साइज आणि श्रद्धांजली वाहणारे चौदा जण त्यांच्यापेक्षा मोठे.

तेरवीला आपण आपला फ्लेक्स लावू. खर्च मी करतो, वर्गणी कोणी काढू नका. नाव 'प्रा.' लावूनच टाकणार, कोणाला काय करायचं ते करू द्या. अडचण फोटोची आहे. कॉलेजकडे सरांचा एकही धड फोटो नाही. लोणारला काठावर काढलेला ग्रुप फोटो कोणाकडे असेल तर आज रात्रीपर्यंत पाठवा. सर मधे उभे आहेत, गळ्यात दुपट्टा, हातात दगड. शेजारी डोळे मिटलेला मी आहे, मला कापलं तरी चालेल.